पाचव्या कडव्याचा सूड

३ मार्च, सकाळी ७.१०
भाड्याची गाडी ताब्यात आली. पांढरी, शांत, नव्या वहीसारखी. क्लार्कने चारी बाजूंनी फोटो काढले, सीटचेसुद्धा. पुढच्या बंपरवर एक ओरखडा होता, तो फॉर्मवर लिहून माझी सही घेतली. म्हटलं, एवढा अविश्वास बरा नव्हे. तर म्हणतो, काका, माणूस विसरतो, फोटो विसरत नाही.
हिला सांगितलंय की लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून समुद्राकाठाने चार दिवसांची सहल. खरं कारण फक्त या वहीला ठाऊक. ढापण्या.

दुपारी १.००, पेट्रोल पंप
प्रकरण एकदा नीट लिहून ठेवतो. सातवीची पाठांतर स्पर्धा. दीपस्तंभाची कविता, कडवी नऊ. खडूचा वास, खिडकीतून येणारं तिरपं ऊन, आणि माझा आवाज. चौथं कडवं संपवलं:
सांज उतरली, पक्षी फिरले, दिवा लागला वरती
एक क्षण थांबलो. तो ठहराव होता. तेवढ्यात पहिल्या बाकावरून ढापण्या (तेव्हाही चष्मा जाड) कुजबुजला, ‘वादळ उठले, दिवा विझाला.’ दीपस्तंभाच्या कवितेत दिवा विझाला! मला पाडण्याचा उघड डाव. मी ठणकावून माझी ओळ म्हटली:
पहाट झाली, नौका आल्या, हसली सारी धरती
सगळा वर्ग हसला. गुरुजींनी खाली बसवलं. बक्षिसाचं शाईचं पेन ढापण्याला.
अठ्ठावन्न वर्षं झाली. शाळेच्या ग्रुपवर परवा त्याने लिहिलं, समुद्राकाठी राहतो, कुणीही या. येतोच.

१.२०
पंपावरून मागे घेताना भिंत लागली. भिंत फार बुटकी, आरशात दिसतच नाही. दाराला पोचा आहे, पण तो आधीचाच असावा.

सायं. ६.००, लॉज
योजना पक्की. ढापण्यासमोर उभं राहायचं. नऊही कडवी, एका दमात. मग शांतपणे विचारायचं, का केलंस? तो रडला तर रुमाल देणार नाही.
पुरावा म्हणून सातवीचं पुस्तक आणलंय, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. उघडायची गरज नाही. तोंडपाठ आहे.
दिवसभर गाडीत सराव केला. ही तीनदा म्हणाली, थांबू या ना जरा, समुद्र बघू. म्हटलं, समुद्र कुठे पळून जातो?

४ मार्च, दुपारी १२.३०
मोबाइलमधली बाई बेभरवशाची. सरळ गेलो तर पुढे रस्ताच नाही. धक्का, होड्या आणि पाणी. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याने हात वर करून थांबवलं, नाहीतर आज थेट दीपस्तंभच गाठला असता. हिला म्हटलं, बाईने वेळेवर सांगायला नको? ही म्हणाली, बिचारीने चारदा सांगितलं, तुम्ही तिसऱ्या कडव्यात होता.
गाडी वळवताना डावा आरसा एका खांबाला टेकला. नुसता टेकला.

४.००
हिने आज विचित्र शंका काढली. चौथ्या कडव्यात सांज, पाचव्यात लगेच पहाट, मग रात्र कुठे गेली? म्हटलं, कवितेत रात्र गाळता येते. ती म्हणाली, दीपस्तंभाच्या कवितेत? मग दिवा लावला कशाला?
बायकांना छंदाचं अंग नसतं. हे तिला बोललो नाही.
म्हणाली, एकदा पुस्तकात बघून घ्या ना. नाही म्हणजे नाही. अठ्ठावन्न वर्षांचा विश्वास असा पान उलटून तपासायचा नसतो.
शिवाय ढापण्याविषयी हिला सगळं ठाऊक निघालं. म्हणे, तुमचं बाथरूममधलं भांडण दर रविवारी ऐकतेय.

५ मार्च, सकाळी ९.००
आज. दाढी केली. गळा गरम पाण्याने शेकला. शेवटच्या वाक्यात बदल: ‘का केलंस?’ऐवजी ‘लाज वाटली का कधी?’ जास्त लागेल.

दुपारी ३.३०, ढापण्याच्या घराबाहेर, गाडीत
घड्याळं दुरुस्त करायचा म्हणे. भिंतभर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. मला पाहताच मिठीच मारली. म्हणाला, अरे आवाजवाल्या! मी सगळ्यांना सांगतो, आमच्या वर्गात असा आवाज दुसऱ्याचा नव्हता.
मिठीचा बंदोबस्त योजनेत नव्हता. तरी उभा राहिलो. सुरुवात केली. चार कडवी खणखणीत. ही खुर्चीत बसून ओठ हलवत होती.
सांज उतरली, पक्षी फिरले, दिवा लागला वरती
आणि मग काहीच नाही. पहाटसुद्धा नाही. नुसती घड्याळं.
ढापण्या चहात साखर ढवळत होता. मान वर न करता म्हणाला,
वादळ उठले, दिवा विझाला, अंधाराला भरती
तेच. त्याच सुरात. म्हटलं, बघ, अजून तोच खोटेपणा! तो गोंधळला. ही उठली, गाडीतून पुस्तक आणलं, प्लास्टिक सोडलं. पान सत्तेचाळीस. पाचवं कडवं. वाचून दाखवायला लागली, तिला थांबवलं. मला दिसत होतं.
पहाट नवव्यात आहे.
ढापण्या म्हणाला, तेव्हा तुझा चेहरा बघवेना रे, म्हणून ओळ दिली. तू असं बघितलंस जणू मी विष देतोय. मग आत गेला आणि पेन घेऊन आला. घे, तुझंच होतं. पहिल्या दिवसापासून गळतं, पण टाकवलं नाही.
लाज वाटली का कधी, हे वाक्य माझ्याकडे अजून आहे. वापरलं नाही.

६ मार्च, सकाळी ११.००
परतीला गाडी ही चालवतेय. काल संध्याकाळपासून प्रत्येक वळणावर थांबते. साडी घोट्यापर्यंत उचलून पाण्यात उभी राहते. आत्ता हाक मारून म्हणाली, अहो, या, पळून जाईल.
गेलो. पाणी गार होतं. परत आलो तर सीटवर ठेवलेलं पेन.
हे पेन खरंच गळतं.

सायं. ५.३०
गाडी परत केली. क्लार्क फोटो काढून बसला एकेक जुळवत. सीटवरच्या निळ्या डागाशी थांबला. केवढा तरी, तळहाताएवढा. विचारलं, काका, हा आधीचा का?
ही माझ्याकडे बघत होती.
म्हटलं, नाही. हा माझा.
लिहून घेतलं. सही केली, त्याच पेनाने. बोटं अजून निळी आहेत. मग तो दाराशी वाकला, आरशाशी वाकला, आणि त्याने विचारलं, आणि हे?
म्हटलं, ते आधीचेच.