खुंटीवरची कडी

थेरगाव,
शुक्रवार

प्रिय योगिनी,

पत्राला उशीर झाला, माफ कर. उशीर दोन-चार दिवसांचा नाही, वर्षाचा आहे. डांगे चौकातून बसने तुझ्या आकुर्डीला यायला अर्धा तास लागतो, ते अंतर मला वर्षभरात तोडता आलं नाही. तू दोनदा माझा फोन कापलास तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला जरा हायसंच वाटलं. फोनवर मी पुन्हा माझीच बाजू सांगत बसलो असतो. शेवटी तुझी आई म्हणाली, "बोलता येत न्हाई तर लिवा. सातवी शिकलाय न्हवं?" म्हणून बसलो आहे. अक्षर हलतंय. आधी दोन कागद फाडले. हा तिसरा.

जावईबापूंचा, ज्ञानेशरावांचा, खोकला गेला का? धूळ फार झाली आहे, त्यांना गाडीवर रुमाल बांधायला सांग. तू कंपनीच्या बसने जातेस की रिक्षाने, हे आईने नीट सांगितलं नाही, आणि मला तेवढ्याचीच काळजी लागून राहते. इथे आईचे गुडघे तसेच आहेत. गॅरेजचं शटर मी सकाळी नऊला उघडतो, पण गिअरबॉक्सचं काम आता घेत नाही. तेल बदलणं, फिल्टर बदलणं, एवढंच. लोक विचारतात, अण्णा, ऑटोमॅटिकचं काम का बंद केलं? मी सांगतो, कंबर धरते. कंबर धरत नाही, योगिनी.

तुझं टेबल मी हलवलेलं नाही. त्यावर कुणाला स्पॅनरसुद्धा ठेवू देत नाही. भिंतीला तू ठोकलेल्या त्या सात खुंट्याही तशाच आहेत. मला आधी तुझ्या त्या पद्धतीचं हसू यायचं. मापलेला भाग खुंटीला अडकवायचा, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर माप लिहायचं. मी म्हणायचो, हे काय, दवाखान्यातल्या बाळांना बांधतात तसं. तू म्हणायचीस, अण्णा, तुमच्या बोटांना कळतं, माझ्या बोटांना अजून कळत नाही, म्हणून लिहिते. आता वाटतं, तू तेव्हा माझी लाज राखत होतीस. माझी बोटं बधिर होत चालली आहेत, हे तुला माझ्या आधी कळलं होतं. बारीक नट मी दोनदा उचलायचो, ते तू पाहायचीस आणि नजर दुसरीकडे वळवायचीस.

मिहिरची ती निळी गाडी आठवते ना, विसरशील कशी. पोराने इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि बिचारा गिअरबॉक्स तसाच राहिला. चढावर दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र जागच्या जागी झोल खायची. मी म्हणत होतो नुसत्या प्लेटा बदलू. तूच म्हणालीस, अर्धवट नको, मजबूतच करू. जास्तीच्या क्लच प्लेटा, तेलाचा दाब वाटणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत कडक स्प्रिंगा, तेल थंड राहायला मोठा कूलर. त्या प्लेटा तू आदल्या दिवसापासून तेलात भिजत घातल्या होत्यास आणि मला सारखी बजावत होतीस की कोरड्या बसवायच्या नाहीत. मला तेव्हा राग यायचा. माझ्याकडे शिकलेली पोरगी मला शिकवते म्हणून. आणि अभिमानही वाटायचा. तो मात्र मी कधी बोलून दाखवला नाही, राग तेवढा दाखवला.

सगळ्यात नाजूक काम त्या कडीचं होतं, प्लेटांच्या थप्पीवर बसते तिचं. कडी जाड-पातळ घ्यायची आणि प्लेटांमधली फट बरोबर जमवायची. फट जास्त राहिली की प्लेटा घट्ट धरत नाहीत, घसरतात आणि जळतात. तू पाच कड्या लावून काढल्यास, प्रत्येक वेळी फीलर गेज घालून फट मोजलीस, आणि एक पक्की करून खुंटीला अडकवलीस. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांना हात लावायचा नव्हता, आणि तुला दसऱ्याला सासरी जायचं होतं. निघताना तू मला सांगितलंस की कडी तिसऱ्या खुंटीवर आहे, मी आल्यावर बसवू. मी हो म्हणालो.

पण मिहिर दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला आला आणि म्हणाला, काका, आईला घेऊन लोणावळ्याला जायचंय, गाडी मिळेल का? मी परवा देतो म्हणून बसलो. तुला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच बसवायला बसलो आणि पाहतो तर तिसरी खुंटी रिकामी. खाली शोधलं, टेबलाखाली शोधलं. मग वाटलं तुझ्याकडूनच राहिली असणार. खणातून तशीच दिसणारी कडी काढली, अंगठ्याखाली फिरवली. चाळीस वर्षांचा अंगठा. म्हटलं, ठीक आहे. फीलर गेज तिथेच हाताशी होती, योगिनी. परवाच्या पूजेचं कुंकू अजून तिच्यावर होतं. मी ती उचलली नाही.

तू परतलीस तोवर गाडी गेली होती, पुढचं तुला माहीत आहे. महिन्याने मिहिर पुन्हा आईला घेऊन निघाला तेव्हा गाडी लोणावळ्याच्या चढावर बसली, मिहिरची आई दोन तास रस्त्याच्या कडेला उभी राहिली. देवाची कृपा की कुणाला काही लागलं नाही. गाडी ओढून आणली, मी गिअरबॉक्स उघडला, प्लेटा कोळशासारख्या काळ्या. मिहिर आवाज चढवून विचारत होता की काका, मजबूत करून घेतलं ना मी, मग हे काय? शेजारच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी होती. तू माझ्या हातातली कडी घेतलीस, मापलीस आणि म्हणालीस, "अण्णा, ही माझी नाही. मी मापून ठेवली होती." आणि मी सगळ्यांच्या समोर काय म्हणालो, ते मी विसरलेलो नाही. म्हणालो, "मापता येत नाही तर मापून ठेवली म्हणू नये."

तू हात पुसलेस, फडकं घडी करून टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. ते फडकं मी रोज पाहतो.

मला तेव्हाच माहीत होतं. तुझी नाही, माझी चूक आहे, हे कडी हातात घेताच कळलं होतं. पण तुझी कडी गेली कुठे, हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि त्या एका गोष्टीला मी धरून बसलो. वर्षभर मनाला सांगत राहिलो की तीही काहीतरी विसरलीच असणार, म्हणजे निम्मी चूक तिची.

या खंडेनवमीला आईने माळ्यावरून पूजेची पेटी काढायला सांगितली. लाल कापडाची गाठ सोडली तर कलशाच्या बुडाला घट्ट बसलेली ती कडी. हळदकुंकू वाळून खरखरीत झालेलं, आणि दोऱ्याला तुझी चिठ्ठी. तुझ्या अक्षरात एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर. मी बसवली होती ती एक पूर्णांक चार दशांश, म्हणजे पातळ होती. कडी पाहिली आणि सगळं आठवलं. मोठं काम आहे, देवाचा हात लागू दे, म्हणून मीच ती खुंटीवरून काढली होती. कलशाभोवती माळेसारखी काय छान बसली होती, आईलाही दाखवली होती. पूजा झाल्यावर सगळं बांधून पेटीत गेलं, आणि दोन दिवसांत माझ्या डोक्यातून पुसून गेलं. योगिनी, मला चुकीची भीती वाटली नाही इतकी त्या पुसून जाण्याची वाटली. बोटं गेली ते मी लपवत होतो. डोकंही जायला लागलंय का, हे कुणाला सांगू?

मिहिरला सांगितलं. मागच्या आठवड्यात तेल बदलायला आला होता, चहा पिता पिता त्याच दारात सांगितलं. तो हसला, म्हणाला, काका, गाडी आता मस्त चालते, सोडा ना. इतक्या सहज सोडलं त्याने, की मला रात्रभर झोप आली नाही.

अजून एक आहे, आणि ते तुला माहीत नाही. पत्र फाडलं ते याच ठिकाणी, दोन्ही वेळा. मागच्या संक्रांतीच्या सुमाराला तू चाकणला मुलाखत दिली होतीस, गिअरबॉक्स तपासायच्या त्या कारखान्यात. तिथला मुकुंद माझ्या ओळखीचा. त्याने मला फोन केला. म्हणाला, दत्तोबा, पोरीचे हात चांगले दिसतात, पण तुझ्याकडून का सुटली? मी एवढंच म्हणालो की पोरगी माझीच आहे, पण माप तिच्या हाताला नाही. सख्खा बाप म्हणतोय म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. तुला त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. तू आता भोसरीला डब्यांना झाकणं लावतेस ते माझ्यामुळे. मी का असं बोललो? तुझं माप चुकलं असेल तर माझे हात आणि डोकं शाबूत राहतात, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

काल मी कडी फडक्यात गुंडाळून बसने चाकणला गेलो. मुकुंदला ती चिठ्ठीसकट दाखवली आणि सगळं सांगितलं. त्याने चिठ्ठी वाचून कडी परत माझ्या हातात ठेवली. मग म्हणाला, "बापाच्या सांगण्यावरून तिला नाकारली ती चूक झाली. आता बापाच्या सांगण्यावरून घेणारही नाही. मंगळवारी दहा वाजता पाठव. एक गिअरबॉक्स उघडून ठेवतो, तिने माप दाखवावं." मंगळवारी तू गेली नाहीस तर बुधवारी तो दुसऱ्याला घेणार आहे. त्यासाठी हे पत्र. मला माफ कर असं मी सुरुवातीला लिहिलं, ते उशिरापुरतंच धर, बाकीचं मागायचा मला हक्क नाही. घरी येऊ नकोस वाटलं तर येऊ नकोस. पण चाकणला जा. आईकडे स्टीलचा चपटा डबा दिला आहे, त्यात ती कडी आहे, कुंकू पुसलेलं नाही, आणि माझी फीलर गेज आहे. गेज परत करू नकोस, ती तुझीच. हे पत्र आणि डबा घेऊन आई उद्या, शनिवारी दुपारी तुझ्याकडे पोचेल आणि संध्याकाळी निघेल. तिच्या हाती दोन शब्द दे. रागाचे असले तरी चालतील, नुसतं जाते किंवा जात नाही एवढं लिहिलंस तरी पुरे. तिचे गुडघे धरतात म्हणून तिला घ्यायला मी पाचपासून डांगे चौकाच्या थांब्यावर उभा असेन. आकुर्डीची प्रत्येक बस बघेन. चिठ्ठी नक्की दे.

तुझाच,
अण्णा