देवाला दिलेलं रोप

हाफ मून बे, ३० सप्टेंबर

प्रिय एर्लिंडाताई,

आधी तुझा आशीर्वाद, मग बाकीचं. गुडघा कसा आहे? ग्वादालुपेच्या माउलीपुढे रोज त्याचं नाव घेतो. (उजवाच ना? पाच महिने डाव्यासाठी प्रार्थना झाली असेल, तर कळव.) मी बरा आहे; फक्त टोमॅटिलोने जीव नकोसा केला आहे.

आईच्या वाणाचं बी तू पाठवलंस आणि मी वचन दिलं, की यंदा मृतांच्या दिवशी घरातल्या तिच्या वेदीवर याच फळांचा हिरवा साल्सा वाटून ठेवीन. आपल्या गावी टोमॅटिलो लावतो कोण? पापुद्र्यातला तो हिरवा टोमॅटो मक्यात आपोआप उगवतो, आपण खुरपताना त्याला शिव्या देतो आणि शेवटी टोपलीभर तोडून आणतो. इथे समुद्रावरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. जुलैत स्वेटर घालून झाडांना पाणी घालणारा मी! गोगलगाईंनी रोपं फस्त केली, दोनच उरली. एक मी देवाचा पहिला वाटा म्हणून चर्चच्या अंगणात नेऊन फादर कासिमिरोंना दिलं, दुसरं कुंपणापाशी लावलं. ते खांद्याएवढं झालं, पिवळ्या फुलांनी भरलं आणि फुलं गळू लागली. मी त्याला घोंगडी पांघरली, शेतकऱ्यांच्या सान इसिद्रोची तसबीर काठीला बांधली, नवस बोललो. एक फळ धरेना. त्यात चर्चमधल्या रोपाबद्दल फादर म्हणाले, "एलेउतेरिओ, तुमचं रोप वांझ निघालं हो!" (यांच्याच प्रार्थनेत काही कमी असावं, असं मनात आलं. देव क्षमा करो.)

शेवटी शेजारच्या चोलेमावशी कुंपणावरून डोकावल्या आणि घोंगडी पाहून पोट धरून हसल्या. "अहो, त्या संताला कशाला छळताय? टोमॅटिलो एकटा फळत नाही, जोडीला दुसरं रोप लागतं."

"गावी कधी कुणी जोडी लावली नाही!"

"गावी शेतभर असायची, बाबा!"

जन्म शेतात गेला आणि हे मला कुंपणावरून कळावं! पण देवाला दिलेलं परत कसं मागायचं? म्हणून ऑगस्टमध्ये माझंच रोप मुळासकट बादलीत घातलं आणि चार दिवस जोडीला ठेवून परत आणू म्हणून हातगाडीवरून निघालो. तसबीर तशीच बांधलेली. दोन म्हाताऱ्यांना मिरवणूक वाटली, त्या क्रुसाची खूण करून मागे चालू लागल्या. चर्चच्या फाटकाशी पोचेपर्यंत अकरा जण झाले होते. मग ते परत कुठलं आणतो! तेही दानच ठरलं.

तिथल्या भिंतीपाशी ऊन टिकतं, मधमाश्याही येतात. आता दोन्ही रोपं लगडली आहेत. आणि परवाच्या मिस्सेत फादरांनी जाहीर केलं, की एलेउतेरिओच्या उदार दानातून मृतांच्या दिवशी साऱ्या गावाला जेवण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो. आईच्या वेदीवर आता काय, झेंडू आणि रिकामी वाटी?

तुझा धाकटा,
तेयो

ता. क. फादरांना एक पत्र टाक. तू एवढी वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलंस, तुझा शब्द ते मोडणार नाहीत. आईसाठी वाटीभर फळं माग. माझं नाव नको.

आणखी ता. क. आणि त्या पत्रात 'माझ्या भावाने चांगलं रोप देवाला दिलं' असं चुकूनही लिहू नकोस. दिलं ते मरतुकडं होतं, धडधाकट मी ठेवून घेतलं होतं. आईने वरून पाहिलंच असेल. म्हणून वाटी लहानच सांग.