गवताच्या गठाणी

आबा, आज गोठ्यापुढे ट्रॅक्टरनं गवताच्या गठाणी आणून टाकल्या आणि आपली धुळ्याची ती फेरी आठवली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि डोक्यात यंत्रांचं वारं शिरलं होतं. लोखंडी सामानाच्या दुकानात मी आधी भाळलो ते बैलांनी ओढायच्या गवतकापणी यंत्रावर. तुम्ही उकिडवे बसलात, पात्याचे दाते बोटांनी चाचपलेत आणि दुकानदाराला एवढंच विचारलंत, की दगड आला तर काय. तो लागला पान चघळायला. आपलं कुरण कसलं, सोनगीरचा किल्ला बांधून उरलेले सगळे धोंडे तिथंच! मग मी हातप्रेस धरून बसलो. लाकडी पेटीत गवत भरायचं, दोघांनी दांडा दाबायचा, तारेनं आवळायचं. कापसाच्या जिनात रुईच्या गठाणी होतात, अगदी तशाच. निम्म्या जागेत उन्हाळ्याची वैरण मावेल, हे माझं पालुपद. तुम्ही तीनदा विचारलंत, "तुले पटस ना?" आणि घेतलंत.

गवत कापून झालं आणि तुम्हाला आत्याकडे जावं लागलं. जाताना बजावलंत, की चार उन्हं खाऊ दे, काडी पिळली की कडकन मोडली पाहिजे, मगच दाब. पण पिंपळनेरहून माझे सासरे यायचे होते आणि मला त्यांना गठाणींची थप्पी दाखवायची होती. दुसऱ्याच दिवशी प्रेस सुरू केली. काडी पिळून पाहिली, ती नुसती वाकली. म्हटलं, वाळेल आतल्या आत. सासरे खूश झाले, मी मिशीवर ताव दिला.

माघात गठाणी सोडतो तर आत काळी बुरशी, आणि वास असा की बैलांनी तोंड फिरवलं. उन्हाळ्याची सगळी वैरण मातीत गेली. नाना, तुमचे धाकटे भाऊ, भरल्या अंगणात माझ्यावर उखडले. तुम्ही गठाणीत कोपरापर्यंत हात घातलात, मूठभर गवत नाकाशी नेलंत. माझ्याकडे बघितलंच नाहीत. म्हणालात, "हाई यंत्र मीच पसंत करं. पोऱ्याले काही बोलू नका." बैलजोडी उन्हाळाभर आत्याच्या दावणीला राहिली. पुढं कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, यंत्र कुचकामी निघालं. तुमचा शब्द, मग गावात कोण घेतंय?

यंत्रात काही खोट नव्हती, आबा. तुम्ही होतात तोवर हे बोललो नाही, नंतरही कुणाजवळ नाही. तुम्हाला कळलं होतं का, हे विचारायची छाती झाली नाही. बहुतेक कळलं होतंच. हे पत्र तरी कुठं टाकणार, राहील फडताळात पडून. पण खरं सांगू? तुमचे उपकार मानायचे सोडून मी वर्षानुवर्षं तुमच्यावरच चिडून होतो. चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्यात, तर मी त्याच दिवशी सुटलो असतो.