आठ तिरप्या पट्ट्या

१२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून वहिनी म्हणेल, हिला काहीतरी हवंय. बरोबर आहे तिचं. मी काचघर घेतलंय. जुनं, वापरलेलं आणि सुटं केलेलं. गावाबाहेरची एक रोपवाटिका बंद पडली. तिथला म्हातारा माळी गेला आणि ते कसं उभं राहतं हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्याच्या सुनेने चार माणसं लावून ते खोललं, पण एकाही तुकड्यावर खूण केली नाही.

काल ट्रक आला. अंगणात आता एकशे त्रेचाळीस ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, शहाण्णव काचा आणि नटबोल्टांनी भरलेला पत्र्याचा डबा आहे. नकाशा नाही, कागदाचा कपटाही नाही. हे बस डेपोतून आले, ढिगाभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, हे काचघर आहे की अपघात? मग चहा न घेताच आत गेले.

तू हसू नकोस. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी मी ह्या रोपांच्या भरवशावर सोडली. पाचशे रोपं व्हरांड्यात, जिन्यावर, न्हाणीघरात दाटीवाटीने उभी आहेत. दोन महिने झाले, हे अंग चोरून अंघोळ करतात. थंडी पडली की ती बाहेर तगायची नाहीत. तू तीस वर्षं फिटर होतास. कारखान्याने तुझे कान नेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, पण डोकं मागे ठेवलंय ना? मग लवकर लिही.

शिव्या दिल्यास तरी चालेल, पण चार ओळी जास्त दे.

तुझी,
धाकटी

१९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शिव्या वहिनीने दिल्या, मी फक्त लिहून घेतल्या. आता कामाचं ऐक. एकही बोल्ट लावू नकोस. आधी सगळ्या पट्ट्या धुऊन लांबीप्रमाणे जमिनीवर मांड. जिथे काच बसत होती तिथे धातू उजळ असेल आणि जिथे ऊन लागत होतं तिथे काळपट. सारखी भोकं असलेल्या पट्ट्या एकमेकींच्या बहिणी समज. चार भिंती जमिनीवर आडव्याच जोड, मग उभ्या कर. छत सर्वांत शेवटी. शिडीवर तू चढायचं नाहीस, मेहुण्यांनाही चढवायचं नाही. उभं राहून काम करायला भाड्याने लाकडी घोडा आण.

कारखाना सुटल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नाही. लोक मोठ्याने बोलून पाहतात, मग हसून निघून जातात. तुझं पत्र मी चारदा वाचलं. प्रत्येक टप्प्याला लिहीत जा.

तुम्हां दोघांची बोटं शाबूत राहोत, एवढंच मागणं.

दादा

३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उभं राहिलं! तू म्हणालास तसंच सगळं केलं. पहिल्या रविवारी हे खिडकीतून बघत होते. दुसऱ्या रविवारी बाहेर येऊन म्हणाले की ती पट्टी उलटी लावली आहेस. तेव्हापासून पाना त्यांच्याच हातात आहे. छताचा कणा बसवताना आम्ही दोघं इतकं भांडलो की शेजारीण विचारपूस करायला आली.

एकच अडचण आहे. आठ पट्ट्या उरल्यात. माझ्या खांद्याएवढ्या उंच, दोन्ही टोकं तिरपी कापलेली, टोकाला एकेक भोक. त्यांना कुठेच जागा दिसत नाही. सांगाडा उभा आहे, पण कोपऱ्याला हात लावून ढकललं तर किंचित डुलतो. हे म्हणतात, उरलेलं काही उगीच उरत नाही, दादांना विचारल्याशिवाय काच लावायची नाही. मला मात्र थंडी किती दिवसांवर आली ते मोजून झोप लागत नाही. ह्या पट्ट्या कशाच्या?

उत्तर उलटटपाली येईल अशी खात्री धरून बसलेली,
धाकटी

७ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास. पट्ट्यांची काळजी सोड. जुन्या मालात वरचं सामान येतंच. आतल्या मांडणीच्या असतील. सांगाडा डुलतो कारण त्यात काच नाही, काच बसली की तो आपोआप ताठ होईल. खुशाल लावायला घे. थांबू नकोस.

मेहुण्यांना म्हणावं, दादाने सांगितलंय.

सर्वांना प्रेम.

दादा

१७ ऑक्टोबर, सकाळी

चि. धाकटीस,

आशीर्वाद नंतर. काच लावली नसशील तर लावू नकोस. लावली असशील तर आत पाऊल टाकू नकोस.

आत्ता दूध आणायला गेलो होतो. गोठ्याचं लाकडी फाटक नवीन केलंय, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी फळी ठोकलेली. मी तिथेच उभा राहिलो. तुझ्या आठ पट्ट्या त्याच आहेत. प्रत्येक कोपऱ्याला दोन, तिरप्या. त्यांच्याशिवाय ते घर वाऱ्यात पत्त्यांसारखं एका बाजूला कलेल आणि सगळा भार काचेवर येईल.

इकडे पहाटेपासून वारा आहे. हे पत्र पोचायला चार दिवस लागतील. वहिनी शेजाऱ्यांकडे फोन करायला गेली आहे. तुमच्याकडे फोन नाही म्हणून डेपोत लावते म्हणाली. ती आत्ताच परत आली. कुणीतरी उचलला म्हणे, निरोप लिहून घेतो म्हणाला आणि लाईन तुटली. कोण होता, काय लिहिलं, तिला ठाऊक नाही.

काहीही करून दोन ओळी पाठव.

दादा

१७ ऑक्टोबर, दुपारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कालच शेवटची काच बसली! पाचशेच्या पाचशे रोपं आत गेली. न्हाणीघर मोकळं झालं म्हणून हे आज अंघोळीला अर्धा तास लावून डेपोत गेले. सकाळपासून जोराचा वारा आहे, काचा बारीक आवाजात किणकिणतात. तू म्हणालास तसा सांगाडा ताठ झालाय, निदान मला तसं वाटतं. पत्र पेटीत टाकून येते आणि छताची झडप लावून घेते, ती सारखी आपटतेय.

आज फार आनंदात असलेली,
धाकटी

२० ऑक्टोबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

आपल्याला मी प्रथमच पत्र लिहीत आहे. ही सुखरूप आहे, ते आधी वाचावे.

सतरा तारखेला दोन वाजून दहा मिनिटांनी एका वाहकाने मला चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘आठ पट्ट्या लावा, आत जाऊ नका.’ ती चिठ्ठी सकाळपासून तिकिटांच्या पेटीखाली पडली होती. मला अर्थ कळला नाही, पण पट्ट्या म्हटल्यावर मी सायकल काढली. अडीचला अंगणात पोचलो. ही आत घडवंचीवर उभी राहून झडप ओढत होती. सगळं काचघर माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे झुकत होतं, सावकाश. मी ओरडलो, पण वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. मी डाव्या कोपऱ्याला खांदा लावला. तेव्हा तिने मला पाहिलं. वर छताच्या काचा एकामागून एक फुटू लागल्या. ती घडवंचीखाली शिरली आणि तिथून रांगत दाराबाहेर आली. मग मी खांदा काढला आणि सगळं खाली आलं.

तिच्या उजव्या हाताला नऊ टाके आहेत. डॉक्टर म्हणाले, बोटं हलतील. माझा खांदा फक्त काळानिळा झाला आहे. रोपं दोनशेच्या आसपास वाचली असावीत.

ही आपल्याला दोष देत नाही. मी एक दिवस दिला. मग चिठ्ठी पुन्हा वाचली आणि थांबलो. ती आली नसती तर मी पाचला निघालो असतो.

आपला,
मेहुणा

२५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

मेहुण्यांचं पत्र आलं. वहिनीने ते वाचून माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसली.

एक गोष्ट सांगायची आहे. त्या पट्ट्या कशाच्या हे मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र वाचताना मी अडलो होतो. ‘मला कळत नाही, चित्र काढून पाठव’ एवढं लिहायचं होतं. लेखणी उचलली आणि वाटलं, इतक्या दिवसांनी कोणी विचारलं आणि मी माहीत नाही म्हणू? म्हणून ठोकून दिलं. वर मेहुण्यांना दटावलं. तो माणूस बरोबर होता.

ह्यापुढे माझं ऐकू नकोस.

दादा

३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर ह्यांचं आहे, शब्द माझे. मी सांगते, हे लिहितात, मधेच शुद्धलेखन सुधारतात.

तू ठोकून दिलंस, खरं आहे. मला राग आला, खूप आला. हात ठणकला की अजून येतो. पण माझंही ऐक. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी एक पट्टी कोपऱ्याला तिरपी धरून पाहिली होती. भोकं जुळली होती, दादा. एका बाजूची तरी जुळली होती. दुसऱ्या बाजूसाठी चार बोल्ट सैल करावे लागले असते, सबंध दिवस गेला असता. तुझं पत्र आलं आणि मला सुटल्यासारखं झालं. मी त्या पट्ट्या जिन्याखाली सरकवून दिल्या. ह्यांना हे मी आत्ता, लिहवून घेताना सांगितलं. ह्यांनी तेवढी ओळ शुद्धलेखन न सुधारता लिहिली.

सांगाडा वाकलाय, मोडलेला नाही. तू इकडे ये. प्रवासात ऐकू येणार नाही, लोक हसतील, ही तुझी सगळी कारणं मला पाठ आहेत. गाडीत बस आणि ये. न आलास तर मी एका हाताने सुरू करणार आहे. ह्यांनी ‘एका हाताने’ खोडलं होतं, मी परत लिहायला लावलं.

वाट पाहणारी (आम्ही दोघंही, असं हे म्हणतात),
धाकटी

७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी निघतो. वाकलेल्या पट्ट्या कशा सरळ करायच्या, मला माहीत नाही. आल्यावर तिघं मिळून बघू.

दादा

२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी नीट पोचलास हे वहिनीने कळवलं. इथे ज्या जागी बसून तू पट्ट्या ठोकून-घासून सरळ केल्यास, तिथे ॲल्युमिनियमचा चुरा अजून पडलाय. मी झाडत नाही.

परवा वारा सुटला, त्या दिवसाइतकाच. मी आत होते. एकशे नव्वद रोपं, अर्ध्या छताला काच, अर्ध्याला प्लॅस्टिक. हे दारात उभे राहून तीनदा बाहेर ये म्हणाले.  पण आज बाहेर पडले तर पुन्हा आत यायची नाही, एवढं मला कळत होतं. प्लॅस्टिक फडफडलं, एक काच तडकली. मी दोन तिरप्या पट्ट्या बसवलेल्या कोपऱ्यावर हात ठेवला. तो हलला नाही.

मग हे आत आले. दार ओढून घेतलं, एक कुंडी उपडी केली आणि तिच्यावर बसले. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाले, काही नाही, बसलोय. वारा पडेपर्यंत बसून होते.

वहिनीला आणि तुला इकडची सगळी हिरवाई.

तुझी,
धाकटी