जिन्यावर दुखणारा दात

प्रिय ठमे,

आधी गोड बातमी, मग तुझी खरडपट्टी. आपली नात चालायला लागली! मंगळवारी टेबलाचा पाय सोडून सात पावलं टाकत आली आणि थेट माझ्या चष्म्यावर झडप! मोडला. मोडू दे. म्हणून अक्षर वाकडं आलंय, दोनच यत्ता शिकले म्हणून नव्हे.

आता ऐक. मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. मागे तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या प्रेशरच्या गोळ्या घरीच राहिल्या आणि तू तुझ्या मास्तरांचा, औषधं ठेवलेला तो बिस्किटांचा डबा काढलास. मास्तर गेले म्हणून त्यांच्या गोळ्या वाया कशाला घालवायच्या, मीही त्याच घेते, प्रेशर बघ कसं उतरलंय, म्हणालीस. वर दोन पट्ट्या माझ्या पिशवीत कोंबल्यास. मी तरी कुठली शहाणी! फुकट म्हटलं की माझा हात आधी पुढे. घरी आल्यावर माझ्या गोळ्या ठेवल्या बाजूला आणि तुझ्याच चालू ठेवल्या.

प्रेशर झकास, पण काळीज सारखं धावत सुटलेलं. परवा पोरीला कडेवर घेऊन दोन मजले चढले आणि छातीवर कुणी शिवणयंत्र ठेवल्यासारखं झालं. तिला पायरीवर बसवलं, कठडा धरून उभी राहिले. तिला वाटलं खेळच चाललाय, टाळ्या वाजवत होती.

डॉक्टरीणबाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली. म्हणाल्या, आजी, ही जुन्या काळची गोळी. प्रेशर उतरवते, पण हृदयाला पळायला लावते. रक्ताची वाट आधीच अरुंद असेल तर पळणाऱ्या हृदयाला रक्त पुरत नाही, मग ते दुखतं. म्हणून हिच्या जोडीला धाव आवरणारी दुसरी गोळी देतात. ती दुसरी डब्यात होती, ठमे! तिनेच मास्तर सुस्तावायचे म्हणून तू ती फेकून दिलीस. काय म्हणू तुला?

मी पिशवी उचलून निघालेच होते, तर बाई म्हणाल्या, हे दुखणं छातीतच येतं असं नाही. कुणाच्या हातात येतं, कुणाच्या जबड्यात. चढताना येतं, बसलं की जातं. मी परत खाली बसले. तुझा दात, ठमे! चावताना कधी दुखला नाही, जिन्यावर मात्र हटकून दुखतो. तुझा दात आळशी आहे म्हणून मी किती हसले होते! दोन उपटून झाले, तिसऱ्याची तारीख घेऊन बसलीयस. आधी ती रद्द कर. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र जावयाच्या हातून पाठवतेय. तो दारात उभा असेल. वाचून होईपर्यंत थांब, त्यापुढे तिचं काही ऐकू नकोस, असं बजावलंय त्याला. डबा काखोटीला मार आणि त्याच्याबरोबर हृदयाच्या डॉक्टरकडे जा. आपल्या मनाने काही घेऊ नकोस, काही सोडू नकोस. उतरताना त्याचा हात धर. आणि माझ्या आधी जायचा विचार असेल तर विसर, धाकटी आहेस, रांगेत माझ्या मागे उभी राहा.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
ताई