छिन्नरुहा

१४ ऑगस्ट, संध्याकाळचे सव्वासात. खिडकीच्या गजाला टांगलेली गुळवेलीची कांडी आत्ताच सोडून टेबलावर ठेवली. स्वतःचाच राग येतो आहे.

यशवंतपूरच्या जडीबुटीच्या दुकानात बरण्यांवरची लेबलं मी लिहितो. मालकांना आता प्रत्येक जुन्या नावाखाली अर्थ हवा आहे, उद्या सकाळपर्यंत. नाही झालं तर काम छापखान्याकडे जाणार. एकोणचाळीस लिहून झाली. अडलो एकापाशी. गुळवेलीचं जुनं नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. पण स्वतः पाहिल्याशिवाय कसं लिहू? मी आठवी शिकलेला. चूक निघाली की लोक आधी शाळा विचारतात.

म्हणून कांडी टांगली. तीन आठवडे रोज पाहिली. एक कोंब नाही. जुने लोक खोटं लिहून गेले की काय?

मघाशी घरमालकीण अक्का आल्या. त्यांनी कांडी नखाने खरवडली.

"कुठली रे ही?"

"दुकानातल्या पोत्यातली."

"वाळवलेली? मग हिच्याआधी तुलाच कोंब फुटेल. स्वल्प बाहेर ये." अक्कांचं स्वल्प म्हणजे कानडीतलं 'जरा'.

पोत्यातला माल गच्चीवर उन्हात मीच वाळवतो. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

अक्कांनी अंगणातल्या शेवग्यावरची गुळवेल दाखवली. महिन्यापूर्वी त्यांनीच ती बुंध्याशी कापली होती. वर झाडावर राहिलेल्या वेलीच्या तुटक्या टोकातून दोऱ्यासारखं मूळ लोंबत येऊन मातीला टेकलं होतं. पानं हिरवीगार.

चाळिसावं लेबल लिहिलं. त्याच शेवग्याला मी रोज सायकल टेकवतो.