अकरा वाट्यांचा मासा

साहेब जीपमधून कॅमेरा घेऊन परत आले तेव्हा जिव्याचा कोयता शेपटीपर्यंत पोचला होता. बाकीचा मासा सागाच्या पानांवर दहा ठिकाणी होता.

ती. नीलेश दाजींना हेमंतचा सा. नमस्कार. हा नमस्कार वर लिहायचा असतो, पण मासा आधी लिहून टाकला म्हणजे मी पुढचं लिहू शकेन. जयवंतीताई बरी असेल, भाची रविनाचा निकाल चांगला लागला असेल आणि हे पत्र तुम्ही ऑफिसात न उघडता घरी नेऊन उघडाल, अशी आशा आहे.

तुम्ही साहेबांना सांगितलंत की माझ्या मेहुण्याची खोडाळ्याला होडी आहे, तो पाहुण्यांना धरणातल्या बेटावर नेतो आणि दिवसभर गळ टाकू देतो. ते खरं आहे, पण सगळं वर्ष खरं नाही. पावसात पाणी लाल होतं, मासे ओढ्याओढ्यांतून भातखाचरात चढतात, तेव्हा होडीची कुणाला गरज नसते (माणसं बांधावर टोपल्या लावून बसतात). दिवाळी ते होळी हा माझा हंगाम. मे महिन्यात पाणी इतकं उतरतं की बेट पुन्हा टेकडी होतं, धरणाआधी होतं तसं, आणि साहेब आले ते नेमके तेव्हा. हे साहेबांना कोणत्या तोंडाने सांगणार? तुमची लांबची बदली रद्द होणं त्यांच्या सहीवर अडलेलं. म्हणून मी आणि जिव्याने (तो वल्हं मारतो) त्यांना डोहातून असं फिरवलं की अर्धा तास चारी बाजूंनी पाणीच दिसावं. बेटावर उतरलो तर समोर एक म्हैस बसलेली, पाय कोरडे. तिच्याशेजारी साहेबांची जीप उभी. ड्रायव्हर जमिनीवरून आला होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी म्हशीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गळाला आमिष लावायला घेतलं. माणूस वाईट नाही.

अकराच्या सुमारास कटला लागला. वीस मिनिटं ओढाओढ चालली. तोवर धुणं धुणाऱ्या बाया, गुराखी, सरपण नेणारे असे सगळे गोळा झाले. साहेब, ड्रायव्हर आणि आम्ही दोघे धरून दहा माणसं. मासा वर आला, साहेब लहान मुलासारखे हसले आणि कॅमेऱ्यासाठी जीपकडे धावले. आपल्याकडे मासा वर येताना जो हजर, त्याचा वाटा, हे त्यांना सांगायचं मला सुचलं नाही. कारण मलाही ते कधी कुणी सांगितलेलं नाही. जिव्याने कोयता काढला. धुणं धुणारी रामी पोटुशी, म्हणून तिचे दोन, एकूण अकरा. रामी वाट्यांकडे पाठ करून बसली. जिव्या एकेका वाट्यावर बोट ठेवी, "ह्यो कोनाचा?" रामी न बघता नाव घेई. साहेबांच्या नावावर शेपटी आली.

साहेबांनी शेपटी उचलून पाहिली, खाली ठेवली. मग म्हणाले, "हा परत जुळवा." आम्ही जुळवला. सगळ्यांनी आपापलं पान आणून ठेवलं, मासा लांबीला जरा वाढलाच. पण मध्ये पोटाच्या जागी वीतभर खिंडार.

"इथला तुकडा?"

"त्यो गेला," रामी म्हणाली. "ती बघा चढते, हिराबाय. नीलेशची आय."

वर चढणीवर तुमच्या मातोश्री. डोक्यावर चार ओल्या गोधड्या, गोधड्यांवर माशाचं पान, आणि कुठेही न थांबता. दाजी, तुमच्या अर्जात त्या दम्याने अंथरुणाला खिळल्या आहेत.

"त्यांना दमा आहे ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तिला?" रामी हसली. "तिच्यासंगं चढताना आमाला दमा होतो."

साहेबांनी खिंडारावर स्वतःची टोपी ठेवली आणि फोटो काढायला लावला. मग दगडावर बसून जिव्याला विचारलं, की वाटा सांगणारा पाठ का करतो. जिव्या म्हणाला, "त्वांड बघितला का हात फिरतो, साहेब." साहेब पाण्याकडे बघत म्हणाले, "आमच्याकडे बदल्यांची यादी करणारा सगळ्यांची तोंडं बघूनच बसतो." आपल्यासारख्यांची तोंडंही त्यांना वाचता येत असणार, असं मला तेव्हा वाटलं, आणि पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली नाही.

संध्याकाळी ते खोडाळ्याच्या विश्रामगृहात उतरले. तुमचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

ताईला नमस्कार.

तुमचा
हेमंत

ता. क. साहेब ऑफिसात मासा चौदा किलोचा होता म्हणतील. तसंच म्हणू द्या. आठ असेल.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की दम्याचा अर्ज मागे घ्या. ताईची शाळा जव्हारात, तुम्हाला एकट्याने भात शिजवता येत नाही आणि दर शनिवारी आईला भेटल्याशिवाय तुमचा आठवडा सरत नाही, एवढं लिहा. मी तुमचा मेहुणा, मला हे बोलायचा अधिकार नाही, तरी बोललो.

ता. क. ३. सकाळ. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं. साहेब सातला मला घेऊन तुमच्या इथल्या घरी गेले. आई नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी साहेबांना माशाचं कालवण वाढलं आणि म्हणाल्या, "मना दमा नाय. पोरगा जवळ पायजे, म्हनून पायजे." साहेबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना तुमचा अर्ज माझ्या हातात दिला, तो सोबत पाठवतो आहे. त्यावर लाल शाईने लिहिलं आहे: कारण खरे लिहून सोमवारपर्यंत सादर करावे.